अमेरिकेत टॅक्स शेल्टरमध्ये, म्हणजे कर वाचवण्यासाठी रचलेल्या योजनेत, गुंतवणूक करताना वकिलाचं लेखी मत घेतलं होतं. आयआरएसने (तिथल्या कर खात्याने) वजावट नाकारली. आता दंड तरी टळेल का?

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही आणि सगळं तिच्यावरच अडतं: हा वकील तुम्हाला कुणी गाठून दिला?

सल्लागारावर विसंबलो, ही सबब फक्त दंडापुरती. मूळ कर आणि व्याज सुटत नाही. दंड साधारणपणे कमी भरलेल्या कराच्या 20 टक्के, मालमत्तेची किंमत बेसुमार फुगवली असेल तर 40.

निऑनॅटॉलॉजी असोसिएट्सच्या खटल्यात (2000) टॅक्स कोर्टाने तीन कसोट्या घातल्या. सल्लागार जाणकार होता का, त्याला सगळी खरी माहिती दिली होती का आणि त्याच्या मतावर तुम्ही प्रामाणिकपणे विसंबलात का. घात बहुधा तिसरीत होतो. योजना रचणाऱ्याचा, विकणाऱ्याचा किंवा तिच्यात स्वतःचा फायदा असणाऱ्याचा शब्द कोर्ट सहसा सल्ला म्हणून धरत नाही, मग फर्म कितीही नामांकित असो.

मी सीपीए, म्हणजे अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल आहे. एका फाइलमधलं मत अजून डोळ्यांपुढे आहे. त्यात लिहिलं होतं, 'करबचत सोडूनही नफा होईल अशी अपेक्षा असल्याचं गुंतवणूकदाराने आम्हाला कळवलं आहे.' मी विचारलं, "हे तुम्ही कधी कळवलंत?" गृहस्थ त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. वकिलाशी ते एकदाही बोलले नव्हते. मजकूर आधीच तयार, त्यात फक्त त्यांचं नाव घातलेलं. तारीख तर रिटर्न भरल्यानंतरची! फार वाईट वाटलं, कारण त्यांनी खरोखरच विश्वास टाकला होता.

म्हणून आधी मतावरची तारीख बघा. मग फी कशी ठरली ते: तासावर, की वाचलेल्या कराच्या टक्केवारीवर? तुमच्या नेहमीच्या सीपीएशी झालेले ईमेल शोधून ठेवा, त्याने 'लांब राहा' म्हटलं असेल तरीही. काहीही पुसू नका. सद्भावनेचा बचाव घेतलात की वकिलाशी झालेला पत्रव्यवहारही उघड करावा लागू शकतो. 2014 साली टॅक्स कोर्टाने तसा आदेश दिला आहे.

व्यवहार 30 मार्च 2010 नंतरचा असेल आणि त्यात आर्थिक तथ्य नाही, म्हणजे करबचतीपलीकडे खरा अर्थ नाही, असं ठरलं, तर मात्र हा बचाव मुळीच चालत नाही.

आता नवा, स्वतंत्र वकील करा. मत देणाऱ्यालाच उभं करू नका. त्याच्यावर भरपाईचा दावा लावायची मुदत राज्यागणिक वेगळी असते, तेही याच आठवड्यात विचारून घ्या.