भाच्याच्या लेझरवाल्या स्कोपबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाचा अमेरिकेत आयडाहो राज्यात राहतो, ऑक्टोबरात तुम्हाला म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीला नेणार आहे आणि त्याच्या रायफलवर लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजणारं यंत्र) आतच असलेला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण आहे. त्याच्या भरवशावर चारशे मीटरवरचा नेम धरता येईल का, आणि परतताना तसाच एक वाशीला आणावा का, असं तुम्ही विचारलंय.

आधी आयडाहोचं बोलतो, कारण गाडी तिथेच अडते. त्या राज्यात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत रायफलला किंवा स्कोपला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक उपकरण चालत नाही. बॅटरीवर उजळणारं क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) तेवढं चालतं. भाचा तो स्कोप नेमबाजीच्या सरावाच्या रेंजवर वापरत असेल तर गोष्ट वेगळी, पण शिकारीला न्यायच्या आधी त्याला यंदाची नियमपुस्तिका उघडायला लावा. दुसरं तुमचं स्वतःचं. टूरिस्ट व्हिसावर गेलेल्या माणसाने तिथे बंदूक हातात घ्यायची तर त्याच्याकडे शिकारीचा परवाना लागतो. "भाच्याचीच आहे, जरा धरून बघतो" हे चालत नाही. 1975 पासून पुढे जन्मलेल्यांना आयडाहोत परवान्याआधी शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. तुम्ही निवृत्त आहात, म्हणजे त्यातून सुटलात. तरी वेळ असेल तर कराच.

आता यंत्राबद्दल. बटण दाबलं की लेझरचा न दिसणारा ठोका जातो, प्राण्यावर आपटून परत येतो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. तीनशे मीटरला जाऊन येऊन अवघे दोन मायक्रोसेकंद. बरिस एलिमिनेटर किंवा स्वारोव्स्की डीएस यांसारखे स्कोप याच्या पुढे जातात: तुमच्या काडतुसाची माहिती आधी भरून ठेवली असेल तर गोळी किती खाली येणार याचा हिशोब करून नेम कुठे धरायचा तो ठिपका उजळवतात. उतारावरून मारताना कोनही धरतात. तीस अंशांच्या उतारावर 400 मीटर दिसलं तरी गोळीच्या दृष्टीने ते साधारण 346 मीटरच.

हे कामाचं आहे, खोटं कशाला बोलू! शंभर मीटरला झिरो केलेल्या (म्हणजे तेवढ्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून ठेवलेल्या) .308 काडतुसाच्या रायफलची गोळी तीनशेला दीड फुटाच्या आसपास खाली येते आणि चारशेला साडेतीन फुटांच्या. हरणाच्या छातीतली मोक्याची जागा जेमतेम एक वीत. अंतराचा अंदाज पन्नास मीटरने चुकला की त्या वितीतून गोळी बाहेर. भाच्याचं यंत्र यार्डात सांगत असणार हेही ध्यानात ठेवा. 400 यार्ड म्हणजे 366 मीटर, आणि या घोळात एक वीत सहज जाते.

पण ठिपका जे सांगतो ते लेझर कुठे आपटला त्याचं. साडूकडे टेक्सासात दुसऱ्या हंगामाला गेलो होतो तेव्हा पहाटे हरणावर बटण दाबलं, आकडा आला 140. मी बोट ट्रिगरवर नेत होतो, तेवढ्यात साडू कानात म्हणाला, "अहो, ते गवत आहे." पुन्हा मोजलं तर 230. मारली असती तर गोळी वीतभर खाली, म्हणजे पाय मोडलेलं हरीण आणि दिवसभर रक्ताच्या थेंबांमागे पायपीट. धुक्यात आणि पावसातही हाच खेळ होतो. म्हणून दोनदा मोजायचं, आणि आकडे जुळले नाहीत तर मारायचं नाही.

वारा तर तो मोजतच नाही. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा तीनशे मीटरवर गोळीला जवळजवळ वीतभर बाजूला नेतो. शिवाय तेवढं जायला गोळीला चार-दशांश सेकंदाहून थोडा जास्तच वेळ लागतो. तेवढ्यात हरीण एक पाऊल टाकतं. म्हणून चारशेचं उत्तर नाही असंच. पहिल्या खेपेला दोनशेच्या पुढे जाऊ नका, आणि तेही रायफल टेकवायला काहीतरी असेल तरच. त्या स्कोपचा खरा धोका मला हाच वाटतो की आकडा पडद्यावर आला की माणसाला आपण नेमबाज झालो असं वाटतं.

त्यापेक्षा हातात धरायचा वेगळा रेंजफाइंडर घ्या. रायफलला जोडलेला नसल्यामुळे वरची अडचण येत नाही, आणि नुसतं अंतर बघायला भरलेली रायफल कुणाकडे रोखावी लागत नाही. गोल्फवाला असला तरी सरावाला पुरतो. वाशीच्या मिनी सी-शोअरला फिरायला जाता ना? आधी अंदाज बोला, मग झाड किंवा खांब मोजा, माणसांवर रोखू नका. पाण्यापलीकडचं सगळं जवळ भासतं. ठाण्याच्या उपवन तलावावर आमच्या ग्रुपमधला एकही जण पलीकडच्या काठाचा अंदाज बरोबर सांगू शकला नाही, मीही नाही.

वाशीला आणायचा विचार मात्र सोडा. रायफल-स्कोप अमेरिकेबाहेर न्यायला तिथे निर्यातीचे नियम आहेत. आणि आणून करणार काय? 1972 च्या वन्यजीव कायद्याने इथे शिकार बंद आहे, ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात रानडुक्कर दिसलं तरी फोटोच काढायचा. नेमबाजी म्हणाल तर दहा आणि पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धांत स्कोपच चालत नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं ते साध्या पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायच्या साइटवर.

भाच्याला काडतुसाचं पूर्ण नाव, गोळीचं वजन आणि झिरो किती अंतराला आहे ते विचारून इथे टाका. तीनशेपर्यंतचा तक्ता मीटरमध्ये काढून देतो, रायफलच्या दस्त्यावर चिकटवता येईल.