ख्रिस्ती मंडळीची मूल्ये, सेवाकार्य आणि भावी दिशा कशी ठरते?

पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, एका बैठकीत लिहून काढलेले ध्येयवाक्य मंडळीचे, म्हणजे चर्चमधील सर्व विश्वासणाऱ्यांचे, होत नाही. ते सर्वांच्या प्रार्थनेतून आणि चर्चेतून यावे लागते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यामागे 1929 पासूनच्या वाटाघाटी होत्या. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, बालकाचा की प्रौढाचा, यावरही दोन्ही पद्धतींना जागा देणारा मार्ग त्यांनी काढला. ‘एकता, साक्ष, सेवा’ या ब्रीदामागे एवढा धीर आहे. आपल्या मंडळीत प्रथम जमाखर्चाची वही उघडावी, असे मला मनापासून वाटते: रविवारच्या दानातील किती रक्कम इमारतीच्या रंगरंगोटीवर गेली आणि किती विधवांच्या औषधपाण्यावर, हे पाहिले की आपली खरी मूल्ये दिसतात. मग तरुणांना आणि महिला मंडळाला आधी बोलू द्यावे.