१९७८ नंतर मंचावर न आलेल्या इटालियन गायिका मीनाची कारकीर्द इतकी लांब कशी?

मीनाने मंच सोडला, स्टुडिओ नाही. १९५८ मध्ये सुरुवात. १९६३ मध्ये विवाहित अभिनेत्यापासून मूल झालं म्हणून इटलीच्या सरकारी टीव्ही 'राय'ने तिला दूर ठेवलं, पण रेकॉर्ड खपत राहिल्याने पुढच्याच वर्षी परत बोलावलं. खरी किल्ली मात्र १९६७ मधली: वडिलांसोबत काढलेली स्वतःची 'पीडीयू' ही रेकॉर्ड कंपनी. काय गायचं, मुखपृष्ठ कसं, सगळं तिच्या हातात. २३ ऑगस्ट १९७८ ला शेवटची मैफल, मग स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत राहून अल्बमवर अल्बम. निर्मितीला मुलगा मासिमिलियानो. २००१ मध्ये फक्त स्टुडिओतलं चित्रण इंटरनेटवर दिसलं. ऐकायला सुरुवात १९६० च्या 'इल चिएलो इन उना स्तान्झा' या गाण्यापासून करा, मग थेट १९९८ चा इटालियन गायक चेलेन्तानोबरोबरचा अल्बम. आवाजाचा पल्ला तिथेच कळतो.