नवी गीते, जुनी मंडळी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: आमच्या चर्चचा तरुण संघ दर रविवारी उपासनेत दोन नवी गीते घेतो. बहुतेक इंग्रजी गीतांची भाषांतरे असतात. बँड चांगला वाजतो, पण मागच्या बाकांवरची मंडळी गप्प उभी राहते. त्यांना नवे काही नकोच असते का? (पुणे)

नको असते असे नाही, गाता येत नाही. आधी पट्टी तपासा. रेकॉर्डिंगमधला गायक वरच्या पट्टीत गातो, दुसऱ्या कडव्यानंतर आणखी वर चढतो, आणि तुमचा कीबोर्डवाला तीच पट्टी उचलतो. साधारण मंडळीला पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा, षड्ज (सा) धरून मंद्र (खालच्या) पंचमापासून तार (वरच्या) षड्जापर्यंतच सुखाने गाता येते. चाल तार गंधाराला भिडली की आजीबाई थांबतात आणि पुरुष खालच्या सप्तकात उतरून गुणगुणतात. त्यामुळे गीताचा सर्वात जोरकस शब्द नेमका कुणाच्याच तोंडून येत नाही. पट्टी दोन स्वरांनी उतरवा. बँडची तक्रार येईल, ती ऐकून घ्या आणि पट्टी खालीच ठेवा.

दुसरी अडचण भाषांतराची आहे. इंग्रजी ओळ पुष्कळदा बिनवजनाच्या बारक्या शब्दाने सुरू होते आणि खरा आघात दुसऱ्या अक्षरावर येतो. चालही तशीच बांधलेली असते: आधी एक हलका सूर, मग सम, म्हणजे तालाची पहिली, जोरकस मात्रा. मराठीत असे हलके शब्द पुढे लावायची सोय नाही. मग भाषांतरकार 'हे', 'तो', 'रे' यांची ठिगळे लावतो, नाहीतर 'कृपा'चा 'कृ' समेआधी उरकून 'पा' लांबवतो. गाणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण जीभ अडखळते. अशा वेळी भाषांतर सोडा. गीतातला विचार घ्या आणि शब्द मराठी चालीवर नव्याने लिहा. मूळ कवीचे हक्क शाबूत असतील तर त्यासाठीही परवानगी लागते, हे मात्र विसरू नका.

प्रश्न: प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी गाण्यासाठी अभंग लिहिला आहे. पहिले कडवे असे: 'तुझ्या त्या पवित्र, देहाचे स्मरण, कृतज्ञतापूर्ण, करितो आज.' पाळकसाहेबांना आवडले, पण म्हणताना कुठेतरी खटकते. (संगमनेर)

खटकते ते शेवटच्या चरणात. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांना सहा-सहा अक्षरे, चौथ्याला चार. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. तुमचे पहिले तीन चरण बरोबर आहेत. 'करितो आज' मात्र पाच अक्षरांचे झाले. टाळ चारावर थांबतो आणि तुमचे एक अक्षर पुढे लोंबत राहते. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे हवे. 'स्मरण' आणि 'पूर्ण' यांत शेवटचा 'ण' तेवढा जुळतो, कानाला ते पुरत नाही.

याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. 'कृतज्ञतापूर्ण' हा शब्द वार्षिक अहवालात शोभेल. या कडव्यात पाहण्यासारखे, हातात धरण्यासारखे काहीच नाही. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या कडव्यात 'भाकर' आली आहे. ती तिथे कशाला लपवली? पहिल्या ओळीत आणा. मी असे करून पाहिले:

भाकर मोडून, दिली माझ्या हाती
झालास सांगाती, प्रभुराया

आता अक्षरे मोजा. 'हाती' आणि 'सांगाती' पुरते जुळतात. 'सांगाती'त वारकऱ्यांची वाट आहे आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातली अम्माऊस गावाची वाटही आहे. तिथेही सोबत चालणाऱ्या येशूची ओळख शिष्यांना भाकर मोडतानाच पटली. एवढे ज्याला कळेल त्याला कळेल. ज्याला कळणार नाही त्यालाही गाता येईल. हेच कडवे घ्या असा आग्रह नाही, स्वतःचे लिहा. फक्त 'पवित्र', 'महान', 'अनंत' ही तीन विशेषणे महिनाभर कुलपात ठेवा.

प्रश्न: ख्रिस्ताला 'माउली' म्हणणारे गीत लिहिले तर एका ज्येष्ठांनी हरकत घेतली: ही विठोबाची भाषा, आपली नव्हे. तुमचे मत? (मिरज)

मग आपली भाषा कोणती? कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, 1919 मध्ये ते वारले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी लिहिलेली पदे आणि अभंग मराठी मंडळ्या आजही 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून गातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. ख्रिस्ताला माय आणि गुरू म्हणताना त्यांना संकोच वाटला नाही. त्यांच्याही आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य मराठीत आहे आणि त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलेले आहे. तेव्हा तुमच्या ज्येष्ठांची हरकत चारशे वर्षे उशिरा आली आहे.

पवित्र शास्त्राचाच आधार हवा असेल तर यशया 66:13 दाखवा, तिथे देव आईसारखे सांत्वन करीन म्हणतो. मत्तय 23:37 मध्ये येशू स्वतःला पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो.

तरी हरकतीत एक खरा मुद्दा आहे. 'माउली' म्हटले की अर्धे काम झाले असे समजून पुढची कडवी सैल सोडणारे पुष्कळ आहेत. उसने आणलेले संतांचे शब्द ओळीत नुसते रंगापुरते उरले तर ते काढावेत. तुमच्या गीतात माउली काय करते? निजवते, रागावते, वाट पाहते? तुम्ही पाठवलेल्या चारही कडव्यांत ती फक्त 'थोर' आहे. दुरुस्ती तिथे करा.

प्रश्न: जुन्या गीतांतले न पटणारे शब्द आम्ही बदलू शकतो का? (सोलापूर)

या वादाचे वय मोठे आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1780 च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत छापणाऱ्यांना विनवले होते की, आमची गीते आहेत तशी छापा, सुधारू नका, कारण ते तुम्हाला जमत नाही. गंमत अशी की, त्यांच्याच भावाचे, चार्ल्स वेस्ली यांचे 1739 चे नाताळगीत आज जगभर 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' म्हणून गायले जाते, आणि ही पहिली ओळ चार्ल्स यांची नाहीच. त्यांचे समकालीन उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी ती 1753 मध्ये बदलली. मूळ ओळीत आकाशासाठी 'वेल्किन' हा जुना शब्द होता. आज तो कोण गाईल?

अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. कीथ गेटी आणि स्टुअर्ट टाउनएंड यांच्या 2001 च्या 'इन ख्राइस्ट अलोन'मध्ये वधस्तंभावर देवाचा क्रोध शमला अशी ओळ आहे. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या 2013 च्या गीतपुस्तकाच्या समितीला 'क्रोधा'ऐवजी 'प्रीती' हवी होती. कवींनी नकार दिला. समितीने 9 विरुद्ध 6 मतांनी गीतच वगळले. कुणाचा धर्मविचार बरोबर यावर मंडळीत दोन तट पडतील. पण दोन्ही बाजू सचोटीने वागल्या असे मला वाटते: परवानगी मागितली, ती मिळाली नाही, तर हात लावला नाही. आपल्याकडे मात्र झेरॉक्स काढताना कडवी गळतात, शब्द बदलतात आणि खाली कवीचे नावही नसते.

कायद्यापुरते सांगायचे तर भारतात कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतात. टिळकांच्या गीतांवरचे हक्क कधीच संपले. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला 1957 च्या कायद्यात सूट आहे. ती सूट गाण्यापुरती आहे. पुस्तिका छापायची किंवा यूट्यूबवर गीत टाकायचे तर परवानगी घ्या. कवी आणि चाल लावणारा वेगवेगळे असतील तर दोघांचीही.

प्रश्न: सिनेमाच्या चालीवर भक्तिगीत बसवले तर लवकर शिकता येते. चालेल का? (जालना)

नाही. लोकांच्या मनात सिनेमाचेच शब्द वाजत राहतात, आणि चालीवर मालकीही दुसऱ्याची असते. लवकरच शिकवायचे असेल तर ओवीची, पाळण्याची, भूपाळीची चाल घ्या. ती तर आधीच येते.

प्रश्न: पाऊस नाही, पिके करपली, आणि रविवारी आम्ही 'आनंद करा' गातो. दुःखाचे गीत लिहिणे हा अविश्वास आहे का? (बीड)

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. 88 वे तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची ओळ नाही. ज्याने ती संहिता मांडली त्याने हे स्तोत्र गाळले नाही. तेव्हा लिहा. 'किती काळ, परमेश्वरा?' हा प्रश्न तेराव्या स्तोत्रात चार वेळा आला आहे. त्याचे ध्रुवपद करा, म्हणजे मंडळीला तेवढेच पाठ करावे लागेल. कडवी एकाने गावीत. कडव्यांत विहीर, टँकर, सावकार, गुरांचा चारा, जे खरे आहे ते येऊ द्या. शेवटच्या कडव्यात पाऊस पाडू नका. तो पडला की त्याचे वेगळे गीत लिहा.

चाल संथ ठेवा, पण रडकी नको. नवे गीत पहिल्यांदा घेताना पेटी-ढोलकी बाजूला ठेवून नुसत्या आवाजावर म्हणून घ्या. साथीशिवाय मंडळी कुठे अडते ते लगेच कळते, आणि तीच ओळ पुन्हा लिहायची असते.