'पॉन स्टार्स' पाहणाऱ्यांचे प्रश्न

आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला 'पॉन स्टार्स' हा अमेरिकन टीव्ही कार्यक्रम लागतो. त्यात लोक जुन्या वस्तू विकायला आणतात, तज्ज्ञ किंमत सांगतो आणि मग घासाघीस होते. लास वेगासमधले 'गोल्ड अँड सिल्व्हर पॉन शॉप' हे गहाणाचे दुकान, काउंटरमागे रिक हॅरिसन, मुलगा कोरी, त्याचा दोस्त चमली आणि जुन्या भागांत खुर्चीवर बसलेले रिकचे वडील, थोरले हॅरिसन. मी तीस वर्षे बँकांसाठी तारणाचे सोने तपासतो. त्यामुळे मागच्या सदरात या कार्यक्रमाचा ओझरता उल्लेख आला आणि पत्रांचा गठ्ठाच आला. त्यातले काही प्रश्न घेतो.

तज्ज्ञ वस्तूची किंमत हजार डॉलर सांगतो आणि रिक पाचशे देतो. ही सरळसरळ लूट नाही का? (वाचक, सांगली)

नाही. तज्ज्ञ बहुतेक वेळा सांगतो तो लिलावातला किंवा हौशी संग्राहकाने मोजलेला भाव. तो मिळवायचा तर आधी तसा संग्राहक गाठावा लागतो. लिलावगृह आपली टक्केवारी कापून घेते. चित्र असेल तर चौकट, बंदूक किंवा यंत्र असेल तर दुरुस्ती. शिवाय माल फळीवर वर्ष-दोन वर्षे पडून राहिला तर तेवढे दिवस भांडवल अडकते. विकणाऱ्याला मात्र रोकड हातात घेऊन लगेच निघायचे असते. त्या घाईची किंमत उरलेल्या पाचशेतून जाते.

तुम्हाला घाई नसेल तर पॉन शॉपमध्ये जाऊच नका, हे मी मनापासून सांगतो. कार्यक्रमात काही जण नाही म्हणून वस्तू उचलून निघून जातात. मला ते भाग जास्त आवडतात.

रिक प्रत्येकाला आधी विचारतो, गहाण ठेवायचे की विकायचे? जवळपास सगळे विकतातच. मग ते गहाणाचे दुकान कसे? (वाचक, इचलकरंजी)

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. हॅरिसन बापलेकांनी १९८९ मध्ये दुकान काढले ते गहाणावर पैसे देण्यासाठी, आणि असल्या दुकानांचा कणा आजही तोच आहे. पण गहाणाच्या व्यवहारात कॅमेऱ्याला दाखवण्यासारखे काय असते? माणूस गिटार किंवा लग्नाची अंगठी ठेवतो, पैसे आणि पावती घेतो, पगार झाला की व्याज भरून वस्तू घरी नेतो.

लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या कायद्याने हे व्याज महिन्याला १३ टक्क्यांपर्यंत घेता येते. ऐकून धसका बसतो. आपल्याकडे परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला १५ टक्के घेता येतात, म्हणजे त्यांचा महिना तो जवळजवळ आपले वर्ष. पण तिथे एक गोष्ट निराळी आहे. मुदतीत वस्तू सोडवली नाही तर ती दुकानाची होते आणि हिशेब तिथेच मिटतो. घरी वसुलीचा माणूस येत नाही, बाकी राहत नाही. आपल्या बँकेत सोन्याचा लिलाव होतो, कर्ज फिटून वर काही उरले तर ते कर्जदाराला परत द्यावे लागते आणि कमी पडले तर उरलेली रक्कम त्याच्याच नावावर राहते. तिथे वरचा पैसा परत मिळत नाही. म्हणून हजाराच्या वस्तूवर दोनशे घेऊन ती बुडू देणे हा त्या दुकानातला सर्वांत महागडा व्यवहार.

एक प्रसंग सांगतो. एका बाईंनी मुलाच्या फीसाठी पाटल्यांची जोडी ठेवली होती. आतल्या बाजूचा सराफाचा शिक्का घासून घासून पुसट झालेला. चौदा महिन्यांनी त्या सोडवायला आल्या. मी पिशवीचे लाखेचे सील फोडले, तर बाईंनी पाटल्यांकडे पाहण्याआधी त्यांच्याभोवती गुंडाळलेला लाल दोरा पाहिला. गाठ त्यांनीच मारलेली होती. ती ओळखली, मग पाटल्या हातात चढवल्या आणि पदर सावरून गेल्या. वेगासच्या त्या काउंटरवरही असे क्षण येत असणारच. ते पडद्यावर येत नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हे सगळे आधी ठरवलेले नाटक असते का? (वाचक, ठाणे)

अर्धे. कोणती वस्तू दाखवायची ते आधी निवडलेले असते. रस्त्यावरून सहज शिरलेला माणूस दर वेळी दोनशे वर्षांचे पिस्तूल घेऊन येत नाही. कार्यक्रम गाजल्यावर हॅरिसन मंडळींचे रोजच्या काउंटरवर उभे राहणेही थांबले. एक कारण फोटो काढणाऱ्या पर्यटकांची गर्दी आणि दुसरे, गहाण ठेवणाऱ्याची ओळख गुप्त ठेवायचे कायद्याचे बंधन. तज्ज्ञ मात्र खरे आहेत. टोपी आणि लांब दाढीवाले मार्क हॉल-पॅटन क्लार्क काउंटीच्या, म्हणजे लास वेगास ज्यात येते त्या जिल्ह्याच्या, संग्रहालयाचा कारभार पाहत. त्यांचे बोलणे पैशासाठी नव्हे, माहितीसाठी ऐका.

आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचे सात चांदीचे रुपये निघाले. व्हिडिओत सांगतात की असे एकेक नाणे लाखांत जाते. काय करू? (वाचक, सातारा)

पहिली गोष्ट, घासू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, पितांबरी, काही नको. नाण्यावर चढलेली काळसर झाक त्याचे वय सांगते. ती गेली की संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. कडेला धरा आणि एकेक सुती कापडात ठेवा.

मग वजन करा. अस्सल रुपया ११.६६ ग्रॅम भरतो, म्हणजे बरोबर जुना एक तोळा. (सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो वेगळा.) झिजलेले नाणे थोडे कमी भरेल. लोहचुंबकाला चिकटले तर खोटे. पंचम जॉर्जच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. तेवढ्या चांदीचा आजचा भाव ही तुमच्या नाण्याची तळाची किंमत. बहुतेक वर्षांचे रुपये टांकसाळीने इतके पाडले आहेत की झिजलेले नाणे त्या भावाच्या फार वर जात नाही.

अपवाद १९११ सालचा, म्हणून साल भिंग लावून वाचा. त्या वर्षी राजाच्या अंगावरच्या मानचिन्हाच्या साखळीत हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड दिसे की लोकांना ते डुक्कर वाटले आणि मुस्लिम समाजात मोठी नाराजी पसरली. सरकारने नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली आणि १९१२ च्या नाण्यावर हत्ती सुधारून घेतला. वाचली ती १९११ ची नाणी 'डुकराचा रुपया' म्हणून संग्राहक शोधत असतात. तुमच्या सातांत तो असेल तर तडक नाण्यांच्या जाणकाराकडे जा, वितळवणाऱ्याकडे नको.

आणि 'नाणे विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांसाठी शुल्क आणि कर मागणारे फिरतात. तसला इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. हे पत्र लिहिणाऱ्या वाचकाने दोन हजार भरलेही आहेत. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवावी, आजच.

घरी पणजोबांची तलवार आहे. अमेरिकेतला मुलगा म्हणतो, इकडे घेऊन या, वेगासला विकू. (वाचक, कोल्हापूर)

नेऊ नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. विमानतळावर अडवतील आणि तलवार जप्त होईल. आधी तिचे वय पुरातत्त्व खात्याकडून तपासून घ्या. म्यानावरचे किंवा मुठीवरचे जुने कापड काढू नका आणि पात्याला पॉलिश करू नका. पणजोबांच्या हातात ती असलेला एखादा फोटो किंवा तिचा उल्लेख असलेला कागद घरात असेल, तर तो तलवारीसोबतच ठेवा. रिक पहिल्यांदा तोच मागतो.