फेलिक्स बोका मागे का पडला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मूकपटांच्या काळातल्या कार्टूनपात्रांबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. बहुतेकांचा रोख फेलिक्सवरच आहे, त्यामुळे उत्तरंही त्याच्याभोवती फिरतात.

मिकी माउसच्या आधी फेलिक्स नावाचा काळा बोका जगभर गाजला होता, असं वाचलं. आमच्या पिढीला पोपाय आणि टॉम-जेरी तोंडपाठ, पण फेलिक्स अनोळखी. लोकांना त्याचा कंटाळा आला होता का?
– एक वाचक, मिरज

कंटाळा आल्याच्या खुणा दिसत नाहीत. फेलिक्सचा पहिला लघुपट ‘फेलाइन फॉलीज’ नोव्हेंबर 1919 मध्ये अमेरिकेत आला. तेव्हा त्याचं नाव मास्टर टॉम होतं, ‘फेलिक्स’ हे नाव महिन्याभरात पडलं. स्टुडिओ न्यूयॉर्कचा, मालक पॅट सलिव्हन हा मूळचा ऑस्ट्रेलियन, आणि प्रत्यक्ष चित्रं काढून दिग्दर्शन करणारा ऑटो मेस्मर. पडद्यावर नाव मात्र एकट्या सलिव्हनचं. 1922 पासून मार्गारेट विंकलर या वितरक बाईंनी फेलिक्सला गावोगावच्या थिएटरांत पोचवलं. 1923 मध्ये त्याची वर्तमानपत्रातली चित्रपट्टी सुरू झाली. 1925 पासून एज्युकेशनल पिक्चर्स ही वितरण कंपनी दर पंधरवड्याला एक नवा फेलिक्स थिएटरात लावत होती. 1927 मध्ये मेसीज या दुकानाच्या न्यूयॉर्कमधल्या मिरवणुकीत त्याचा प्रचंड फुगा होता. 1928 मध्ये आरसीए कंपनीने टेलिव्हिजनची चाचणी घेतली, ती फिरत्या तबकडीवर फेलिक्सची बाहुली ठेवून. अवघ्या 60 रेषांच्या त्या चित्रात काळा-पांढरा ठसठशीत आकार ओळखू येत होता आणि दिव्यांच्या उष्णतेत तासन्‌तास उभं राहायला माणसापेक्षा बाहुली बरी होती.

म्हणजे 1928 सालीही फेलिक्स उतरणीला लागलेला नव्हता. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात डिस्नीचा ‘स्टीमबोट विली’ लागला. चित्र आणि आवाज एकमेकांना घट्ट बांधलेले होते. थिएटरवाले बोलपट मागू लागले, पण सलिव्हन आवाजावर पैसा घालायला तयार झाला नाही. एज्युकेशनलबरोबरचा करार पुढे वाढला नाही. सलिव्हन 1933 च्या फेब्रुवारीत वारला. त्याच्या मालमत्तेचे कागदपत्र धड नव्हते, स्टुडिओ बंद पडला आणि पात्र कोणी पुढे न्यायचं हेच ठरेना.

पात्र विस्मरणात जातं ते बहुधा असं. ते जिथे दिसतं ती जागा बदलते, त्याचा विनोद ज्या तंत्रावर उभा आहे ते तंत्र बदलतं, आणि नेमक्या त्या घडीला निर्णय घेणारं माणूस नसतं. फेलिक्सच्या वाट्याला तिन्ही गोष्टी चार-पाच वर्षांत आल्या.

जुन्या मूकपटांनाच वरून संगीत आणि आवाज जोडून काम भागलं नसतं का? खर्चही वाचला असता.
– एक वाचिका, पणजी

तेच करून पाहिलं गेलं. 1929-30 मध्ये कॉप्ले पिक्चर्सने आवाज जोडलेले फेलिक्स बाजारात आणले. ते चालले नाहीत, आणि याचं कारण गणितात सापडतं.

बोलपटाची फिल्म सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 24 स्थिर चित्रं, या ठरलेल्या वेगाने धावते. संगीताचा ठोका दर 12 फ्रेमला ठेवला तर मिनिटाला 120 ठोके पडतात. ‘स्टीमबोट विली’ मेट्रोनोम या ताल मोजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर आखलेला होता. अमुक फ्रेमला पाऊल पडणार, तमुक फ्रेमला भांडं वाजणार, हे चित्र काढण्याआधीच कागदावर मांडलेलं. मूकपटात असं बंधन नव्हतं. समजा जुन्या चित्रात फेलिक्सचं एक पाऊल 11 फ्रेमचं आहे. त्यावर 12 फ्रेमच्या ठोक्याचं संगीत बसवलं तर प्रत्येक पावलाला एका फ्रेमचा फरक पडतो. सहा पावलांत 6 फ्रेमचा, म्हणजे बरोबर अर्ध्या ठोक्याचा. पाऊल आता दोन ठोक्यांच्या मधोमध पडतं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण सगळं सैल वाटतं.

दुसरी अडचण वेगाची. मूकपट साधारण 16 ते 18 फ्रेमच्या हिशोबाने काढलेले असत. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम बसतात. तेव्हा 600 फुटांचा लघुपट 16 च्या वेगाने 10 मिनिटं चालतो आणि 24 च्या वेगाने 6 मिनिटं 40 सेकंदांत संपतो. फेलिक्सची खरी ओळख म्हणजे हात मागे बांधून, मान खाली घालून विचारात येरझाऱ्या घालणं. दीडपट वेगात तो विचार करत नाही, नुसती धावपळ करतो.

आणि तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते. फेलिक्सचा विनोदच मुका होता. तो गोंधळला की डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटायचं आणि तो ते हाताने उतरवून हुकासारखं वापरायचा. ‘फेलाइन फॉलीज’मध्ये तर हवेत तरंगणाऱ्या संगीताच्या खुणा पकडून त्यांची गाडी केली आहे. 1923 च्या एका लघुपटात तो शेपटीची काठी करून चॅप्लिनची नक्कल करतो. संगीत ऐकू येत नव्हतं म्हणून ते चित्रात दाखवावं लागे, आणि दाखवलं म्हणून त्याची वस्तू करता येई. खरं संगीत वाजू लागल्यावर त्या खुणांना पडद्यावर जागा उरली नाही. त्या बोक्याला नुसता आवाज पुरला नसता, विनोदाची नवी तऱ्हा बसवावी लागली असती. मेस्मरमध्ये ती ताकद होती असं त्याची पुढची चित्रपट्टी पाहून वाटतं, पण पैशाच्या चाव्या त्याच्याकडे नव्हत्या.

डिस्नीचीही यातून सुटका नव्हती. मिकीचे पहिले दोन लघुपट मूकच काढले होते. त्यांना वितरक मिळेना, म्हणून तिसरा ‘स्टीमबोट विली’ मुळापासून आवाजासाठी आखला आणि तोच आधी लावला. आधीच्या दोघांना आवाज मागाहून मिळाला.

रंगीत फेलिक्स आणि हातात जादूची पिशवी, असं मी पाहिलं आहे. तो वेगळा फेलिक्स का?
– एक वाचक, इंदूर

पात्र तेच, घडण वेगळी. 1936 मध्ये व्हॅन ब्यूरन स्टुडिओने तीन रंगीत लघुपट काढले. दिग्दर्शक बर्ट गिलेट डिस्नीकडून आलेला होता. फेलिक्सला लहान मुलाचा पातळ आवाज मिळाला, पण शेपटीच्या करामती जवळजवळ गेल्या, आणि ते कुठल्याही स्टुडिओचं चालेल असं गोंडस मांजर झालं. लगेच वितरक आरकेओने डिस्नीशी करार केला आणि व्हॅन ब्यूरनचं दुकान बंद झालं.

पिशवीवाला फेलिक्स 1958 चा. जो ओरिओलो यांनी टीव्हीसाठी 260 छोटे भाग केले. टीव्हीचं बजेट तुटपुंजं, तेव्हा शरीर स्थिर ठेवून तोंड आणि हात हलवायचे अशी काटकसर होती. शेपटीचा आकार बदलत नेणं म्हणजे दर वेळी नवी चित्रं, पिशवीतून हवी ती वस्तू निघाली की काम भागतं. पण मूळ गंमत अशी होती की बोका स्वतःच्या अंगातून आणि अक्कलहुशारीतून वाट काढतो. पिशवीने ती हुशारी काढून घेतली. तरीही अमेरिकेत फेलिक्सचं नाव टिकलं ते याच मालिकेमुळे, हे तिचं श्रेय मान्य करायला हवं.

पोपायही तितकाच जुना. तो भारतात घरोघरी कसा पोचला?
– एक वाचिका, ठाणे

पोपाय जानेवारी 1929 मध्ये एका चित्रपट्टीत अवतरला आणि 1933 पासून फ्लायशर स्टुडिओच्या बोलपटांत आला. म्हणजे आवाज त्याच्यासोबतच वाढला, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं हा त्याच्या विनोदाचा भागच होता. 1956 मध्ये त्याचे थिएटरमधले लघुपट एकगठ्ठा टीव्हीसाठी विकले गेले. तो गठ्ठा हात बदलत 1986 मध्ये टेड टर्नर यांच्याकडे आला, आणि टर्नर यांनी 1992 मध्ये कार्टून नेटवर्क सुरू केलं ते आपल्या संग्रहाच्या जोरावर. 1995 मध्ये ती वाहिनी भारतात आली तेव्हा पोपाय आणि टॉम-जेरी आयतेच गाठोड्यात होते. फेलिक्स त्या गाठोड्यात नव्हता. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईत केबलपुढे बसलेल्या मुलांच्या आवडीनिवडी अशा चाळीस वर्षांपूर्वीच्या खरेदीखतांनी ठरवल्या होत्या.

इंटरनेटवर फेलिक्सचे मूकपट पाहिले. काही फार पळतात, काहींत डावीकडचं चित्र कापलेलं दिसतं. चांगली प्रत कशी ओळखायची?
– एक वाचक, नाशिक

दोन्ही दोषांचं मूळ आवाजाच्या काळात आहे. बोलपटाच्या फिल्मवर फ्रेमच्या डाव्या बाजूला साधारण अडीच मिलिमीटरची ध्वनिपट्टी असते. मूकपट त्या मापाच्या फिल्मवर उतरवताना पूर्ण फ्रेम लहान करून बसवली नाही, तर तेवढा भाग पट्टीखाली जातो. आधी नावाची पाटी पाहा. अक्षरं मधोमध नसून डावीकडे सरकलेली आणि कडेला टेकलेली असतील, तर ती प्रत आवाज जोडून पुन्हा काढलेली आहे असं समजा. दुसरी खूण कानाला कळते. दर उडीला शिट्टी आणि दर पावलाला टणत्कार असेल, तर ते मागाहून चिकटवलेलं. सलग पियानो असेल तर बहुधा अलीकडच्या जतनकारांची प्रत.

वेगासाठी प्लेअरमध्ये गती 0.75 करा. 24 चे 18 होतात आणि बहुतेक लघुपट माणसात येतात. आवाज बंद ठेवा, नाहीतर संगीत ओढल्यासारखं लागेल. 0.75 ला हालचाल जड वाटली तर ती प्रत आधीच सुधारलेली आहे, मूळ गतीवर परत या. कापलेली कड मात्र परत मिळत नाही, त्याच लघुपटाची दुसरी प्रत शोधावी लागते.

मी एका साप्ताहिकासाठी चित्रपट्टी काढतो. पात्र माझं आहे, लेखी काही नाही. शिवाय फेलिक्सचं चित्र टी-शर्टवर छापता येतं का, हेही सांगा.
– एक चित्रकार, कोल्हापूर

लेखी काही नाही, हेच आधी मिटवा. मेस्मरने 1919 पासून फेलिक्स घडवला, पन्नाशीच्या दशकापर्यंत त्याची चित्रपट्टी काढली, पण पात्रावर त्याचा हक्क नव्हता. डिस्नीच्या हातून 1928 च्या सुरुवातीला ऑस्वाल्ड ससा गेला, कारण हक्क युनिव्हर्सलकडे होते. तो डिस्नी कंपनीकडे परतला थेट 2006 मध्ये. मिकीच्या वेळी म्हणूनच हक्क सोडले नाहीत.

भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 17 तुम्हाला बरंच अनुकूल आहे. तुम्ही साप्ताहिकाचे पगारी नोकर असलात तरी, वेगळा करार नसेल तर मालकाचा हक्क नियतकालिकात छापण्यापुरता असतो, बाकीचे हक्क चित्रकाराचे. बाहेरून काम करत असाल तर हक्क मुळात तुमचेच. धोका असतो तो “सर्व हक्क कायमचे दिले” अशा एका ओळीत सही करण्यात. करारात पात्राचं नाव, कोणत्या माध्यमासाठी, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदला हे स्पष्ट लिहा. कलम 19 नुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो परत येतो, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर नाही. तेव्हा हे कलम खोडणारी ओळ शोधून काढा.

मूळ कागद स्वतःकडे ठेवा आणि साप्ताहिकाला 600 डीपीआयची स्कॅन द्या. प्रत्येक पट्टीवर सही व तारीख हवी. पात्राचा समोरून, बाजूने आणि पाठमोरा तक्ता, उंचीच्या प्रमाणासह, काढून ठेवा. तो नसला की दुसऱ्या हाताने काढलेलं पात्र दोन-तीन वर्षांत ओळखू येईनासं होतं. आपल्या पश्चात हक्क कोणाकडे, हे मृत्युपत्रात लिहा.

टी-शर्टचं असं आहे. 1929 पर्यंतच्या फेलिक्स लघुपटांवरचा कॉपीराइट अमेरिकेत संपला आहे, आणि परदेशी कृतीला तिच्या मायदेशापेक्षा जास्त मुदत आपला कायदा देत नाही. त्यामुळे त्या काळातलं काळं-पांढरं रूप, एखादी जुनी फ्रेम, वापरता येते. जादूची पिशवी 1958 ची, ती घेऊ नका. आणि ट्रेडमार्क ही वेगळी बाब आहे. 2014 मध्ये ड्रीमवर्क्सने फेलिक्सचे हक्क घेतले, आज ते एनबीसीयुनिव्हर्सलकडे आहेत. चित्र छातीवर छापा, पण ‘फेलिक्स’ हे नाव कॉलरच्या लेबलवर, दुकानाच्या पाटीवर किंवा ब्रँड म्हणून लावू नका. मोठा माल काढण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग 25, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, नावाचा शोध घ्या.