वाढत्या कुरळ्या केसांचे मधले महिने

प्रश्न : दादा, मी चोवीस वर्षांचा. मूळचा कराडचा, नोकरीसाठी पुण्यात हिंजवडीला असतो. केस लहानपणापासून कुरळे, म्हणून कायम बारीकच ठेवत आलो. आता आठ महिने झाले, वाढवतोय. पण केस खाली यायचे सोडून आडवेच वाढतायत. आंघोळीनंतर तासभर बरे दिसतात, ऑफिसात जाऊन हेल्मेट काढलं की वर चप्प आणि कानांवर पिंजारलेले. आई म्हणते तेल लावून चापून बसव. मित्र म्हणतात स्मूदनिंग करून केस सरळ करून टाक. जानेवारीत बहिणीचं लग्न आहे. खांद्यापर्यंत वाढवायची फार इच्छा आहे, पण रोज आरशात बघून वाटतं कापून मोकळं व्हावं. काय करू?

उत्तर : कापू नकोस. कुरळे केस आठव्या महिन्यात असेच दिसतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर कितीतरी पोरं हिंमत हरून माझ्या खुर्चीत येऊन बसतात. मला दर वेळी वाईट वाटतं, कारण आणखी चार-पाच महिने धीर धरला असता तर त्यांना हवं होतं तेच समोर आलं असतं.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तुझे केस आठ-दहा सेंटिमीटर वाढले आहेत. खरं वाटत नसेल तर केस ओले कर, कपाळावरची एक बट चिमटीत धर आणि सरळ खाली ओढ. नाकापर्यंत येईल. आता सोड. भुवईच्या वर जाऊन बसेल. तुझी वाढ कुठे गेलेली नाही, ती त्या वेटोळ्यात आहे. केसाला स्वतःचं वजन येईपर्यंत वेटोळं बाहेरच्या बाजूला उभं राहतं, म्हणून डोकं रुंद दिसतं. लांबी हनुवटीच्या आसपास गेली की वजनाने बटा खाली पडायला लागतात. तोवरचे महिने सांभाळायचे आहेत, एवढंच.

स्मूदनिंगचं आधी संपवतो. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. केसाला आकार देणारे आतले बंध रसायनाने आणि तापलेल्या प्रेसने बदलतात, आणि झालेला बदल पाण्याने परत येत नाही. पण मुळातून येणारा नवा केस कुरळाच येणार. कारण ज्या मुळात तो तयार होतो तेच वाकलेलं असतं. मग चार महिन्यांनी वर कुरळं, खाली सरळ, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे तुटतं. त्यातून बाहेर पडायला एकच उपाय उरतो, सगळं कापणं. तुझी आठ महिन्यांची मेहनत वाया.

आता रोजचं. कुरळ्या केसाची खरी अडचण कोरडेपणाची आहे. डोक्याच्या त्वचेतून जे तेल सुटतं ते सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं, तुझ्या केसात ते पहिल्या दोन-तीन वळणांतच अडकतं. त्यामुळे मुळाशी तेलकट आणि टोकाला राठ. असा तहानलेला केस हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि फुगतो. पावसाळ्यात पिंजारतात ते त्यामुळेच. त्याला चापून काही होत नाही, त्याला ओलावा द्यावा लागतो.

शाम्पू आठवड्यातून दोनदा पुरे. बोटांच्या पेरांनी फक्त त्वचेला चोळ, खालच्या केसांना वाहून येणारा फेस बास. अंगाचा साबण केसांना अजिबात नको. तो अल्कधर्मी असतो, केसाच्या वरचे खवले उघडे पाडतो आणि त्यातूनच गुंता होतो. शाम्पूनंतर कंडिशनर प्रत्येक वेळी, चांगला तळहातभर घेऊन, कानाच्या खालच्या केसांना. तो केसात असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडव, टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर. बारीक दातांची फणी आणि कोरडा केस यांची गाठ पुन्हा पडू देऊ नकोस. तुझे केस सकाळी तासभर बरे दिसतात आणि मग बिघडतात, त्यात हेल्मेटचा वाटा आहेच, पण मला दाट शंका आहे की तू सुकल्यावर भांग पाडतोस.

टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. घरात आजोबांचा जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा असेल तर त्याच्यासारखं कापड नाही. नसेल तर जुना सुती टीशर्ट. मान पुढे वाकव, केस पंचात घे आणि मुठीने खालून वर दाब. पाणी निथळायचं थांबलं, पण केस अजून चांगलेच ओले आहेत, अशा वेळी जेल लावायचं.

जेल विकतचं चालतं. पण मी माझ्या गिऱ्हाइकांना जवसाचं घरी करायला सांगतो, स्वस्त पडतं आणि केसांवर पांढरी भुकटी सुटत नाही. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आच, सतत ढवळणं. सात-आठ मिनिटांत पाणी दाटतं. चमचा उचलल्यावर पाकासारखी तार धरली की लगेच उतरव. गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळ, गार झाल्यावर ते गाळलं जात नाही, बिया आणि जेल एकजीव होऊन बसतात. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्यायचं. तळहातावर घेऊन दोन्ही हातांनी बटांवरून फिरव, मग पुन्हा मुठीने खालून वर दाब. आणि त्यानंतर हात लावायचा नाही. सुकताना केस कडक होतील, घाबरू नकोस. पूर्ण सुकले की हाताला तेलाचा एखादा थेंब चोळून केस मुठीत हलकेच चुरगळ, कडकपणा जातो आणि वळणं राहतात. घाई असेल तर ड्रायरच्या तोंडाला डिफ्यूझर लाव, म्हणजे ते भोकाभोकांचं पसरट भांडं, आणि हवा कमी गरम ठेव.

हेल्मेटसाठी. केस ओले असताना हेल्मेट घालू नकोस, ते त्याच आकारात सुकतात. आत पातळ सॅटिनची टोपी घातलीस तर घासणं कमी होतं, पण तिच्यामुळे हेल्मेट ढिलं किंवा घट्ट बसता कामा नये. पुढे केस बांधण्याइतके झाले की बुचडा वर बांधून त्यावर हेल्मेट चढवायचं नाही, ते नीट बसत नाही. मानेपाशी, सैल बांध. ऑफिसला पोचल्यावर पाण्याच्या स्प्रेची छोटी बाटली बॅगेत असू दे. चार फवारे, मान खाली, बोटं मुळात घालून थोडं हलव. दोन मिनिटांचं काम. केसांसाठी हेल्मेट टाळणारी पोरं मी पाहतो आणि मनापासून सांगतो, केस पुन्हा येतात.

राहिलं कापणं. वाढवायचे म्हणजे वर्षभर कात्री लावायचीच नाही, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते विसर. मानेवरचे आणि कानामागचे केस दर आठ-दहा आठवड्यांनी आवरून घे. वरचे आणि पुढचे सोड. मागचे केस वरच्यांची वाट बघत थोडे आखूड राहिले की डोकं आडवं दिसत नाही आणि सगळं एकत्र मानेवर येतं. कारागिराला एवढंच सांग : मशीन नको, केस कोरडे असताना काप, आणि दातेरी कात्री लावू नको. हे शेवटचं पाठ करून जा. केस दाट दिसले की आमच्यातले बरेच जण "थोडं हलकं करतो" म्हणत दातेरी कात्री उचलतात. सरळ केसांना ती ठीक. कुरळ्यात तिने आत आखूड तुकडे तयार होतात, ते वरच्या केसांना बाहेर ढकलतात आणि महिन्याभरात डोकं होतं त्याच्या दीडपट फुगतं. कात्री उचललेली दिसली की हात वर करून थांबव, लाजू नकोस.

आणि लग्न. तू नवरीचा भाऊ, म्हणजे कानपिळीला फोटोत तूच असणार, आणि डोक्यावर बहुधा फेटा. फेटा बांधणाऱ्यासमोर बसण्याआधी केस मागे घेऊन मानेपाशी मऊ कापडी रबराने आवर, तोवर तेवढे बहुतेक येतील. रबर पोचत नसेल तर दोन काळे आकडे कानामागे लाव. कानासमोरच्या बटा बाहेर राहू देत, छान दिसतं. दुपारी फेटा उतरल्यावर केस चपटे होणारच. स्प्रेची बाटली एखाद्या चुलतभावाकडे देऊन ठेव. हळदीच्या दिवशी मात्र आदल्या रात्री केसांना खोबरेल लावून ठेव, वाळलेली हळद वळणांत अडकली की निघता निघत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, आम्ही रत्नागिरीला असतो. केस वाढवतोय, कुरळे आहेत. मी घरच्या नारळाचं तेल काढते, पण तो डोक्याला हात लावू देत नाही. कोंडाही झालाय. त्याचे बाबा म्हणतात, असे केस म्हणजे बेशिस्त. तेल चांगलं की वाईट, तुम्हीच सांगा.

उत्तर : ताई, तुमचं तेल चांगलंच आहे. खोबरेल तेल केसाच्या वरवर राहत नाही, थोडं आत शिरतं, आणि त्यामुळे धुताना केस पाणी पिऊन कमी फुगतो, कमी झिजतो. पण कोंडा आहे तोवर ते डोक्याच्या त्वचेवर नको. कोंड्यामागे जी बुरशी असते ती तेलावरच वाढते. आधी औषधाच्या दुकानातून केटोकोनॅझोलचा शाम्पू आणा. आठवड्यातून दोनदा, त्वचेवर पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. तीन-चार आठवड्यांत फरक दिसला नाही किंवा त्वचा लाल झाली तर डॉक्टरांना दाखवा. त्या काळातही तेल लावायचं असेल तर फक्त खालच्या अर्ध्या केसांना, धुण्याच्या आदल्या रात्री, चमचाभर. हे मुलाला पटेल, कारण तेल चापून कॉलेजला जायला लागेल ही त्याची खरी भीती असावी. तुम्ही म्हणा, रात्री लावू, सकाळी धुऊन जा.

शिकेकाई वापरत असाल तर पूड थेट लावू नका, तिचे कण वळणांत अडकून बसतात आणि लोकांना तो कोंडाच वाटतो. शेंगा रात्री भिजत घालून सकाळी उकळा, पाणी गाळून ते वापरा. रिठा मात्र कुरळ्यांना फार कोरडं करतो.

त्याच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. १९८९ साली कराचीत पहिली कसोटी खेळायला उतरला तेव्हा सोळा वर्षांच्या सचिनच्या डोक्यावर कुरळे केस होते. उस्ताद झाकीर हुसेन यांचे केस तर तबल्याच्या प्रत्येक तिहाईबरोबर उडायचे. दोघांच्या शिस्तीबद्दल कुणाला शंका नाही. मुलगा दर दोन-तीन दिवसांनी केस धुतोय, गुंता सोडवतोय, उशीचा अभ्रा बदलतोय, हे त्यांनी महिनाभर पाहावं आणि मग बोलावं. स्वतःच्या अंगाची निगा राखायला तो शिकतोय, आणि अकरावीतल्या मुलाने हे आपणहून शिकावं याचं मला फार कौतुक वाटतं.

प्रश्न : वय ५३, सोलापूर. नोकरीत असताना कधी जमलं नाही, आता स्वेच्छानिवृत्ती घेतली. कुरळे केस वाढवून मागे बांधावेत असं मनात आहे. पण माथ्यावर विरळ झालेत, कपाळही मागे गेलंय. शोभेल का?

उत्तर : शोभेल, पण खांद्यापर्यंत नेऊ नका. केस लांबले की वजनाने खाली ओढले जातात आणि माथ्यावरची विरळ जागा जास्त उघडी पडते. तुमच्याकडे कुरळेपणा आहे, तो जपा. कानाच्या पाळीपर्यंतची लांबी ठेवली तर वळणं आपोआप जागा भरतात. मागे घट्ट बांधणं तर टाळाच. रोज ताण पडला की कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस मुळातून कमकुवत होतात, आणि फार दिवस तसं चाललं तर ते परत येत नाहीत. आधीच मागे गेलेल्या कपाळाला ते परवडणार नाही. बांधायचेच असतील तर घरात, संध्याकाळी, सैल.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा. घरी बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षार केसांवर बसून ते आणखी राठ होतात. डोकं धुवायला तेवढं एक बादली नळाचं पाणी वेगळं काढून ठेवा. ग्लिसरीन असलेली जेल मार्च ते मे बाजूला ठेवा, कोरड्या हवेत ती केसातलाच ओलावा बाहेर ओढतात.

विरळपणा गेल्या वर्षभरात वेगाने वाढला असेल तर वाढवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवून या. मिनॉक्सिडिलसारखं औषध लवकर सुरू केलं तर उपयोग होतो, पण ते तुम्हाला चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील. आणि जाताना केसांना तेल किंवा जेल लावून जाऊ नका, त्यांना त्वचा नीट दिसली पाहिजे.